नव्या घरात जुनी बिऱ्हाडे

२०२४ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या संगणक अभियंत्याला एक किरकोळ गोष्ट खटकली. मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारे आणि पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जडणघडणीत सहभागी असलेले फ्रॉइंड लिनक्सच्या एका चाचणी आवृत्तीवर काही मोजमापे घेत होते. दूरच्या संगणकात प्रवेश देणारा ‘एसएसएच’ हा प्रोग्रॅम नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त घेत आहे, असे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या कोणी त्याकडे काणाडोळा केला असता. फ्रॉइंड यांनी माग काढला आणि तो ‘एक्सझेड’ नावाच्या एका लायब्ररीपाशी जाऊन थांबला. फायली दाबून त्यांचा आकार कमी करणे आणि पुन्हा उलगडणे, एवढेच या लायब्ररीचे काम. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी अत्यंत धूर्तपणे चोरदरवाजा बसवून ठेवला होता. २९ मार्चला ही बाब जाहीर झाली आणि जगभरातील असंख्य सर्व्हरांवरचे संकट थोडक्यात टळले.

या प्रकरणाची चर्चा बहुतांशी विश्वासघाताच्या अंगाने झाली. तिच्याआड एक अधिक मूलभूत प्रश्न मात्र राहून गेला. फायली दाबणाऱ्या लायब्ररीला संगणकाच्या मुख्य दरवाजापाशी उभे राहण्याचे कारणच काय? एसएसएचला तिची गरज नव्हती. काही लिनक्स वितरकांनी एसएसएचला ‘सिस्टिमडी’ची एक लायब्ररी जोडली होती, आणि त्या लायब्ररीला एक्सझेड लागत होती. पाहुण्याने आपल्यासोबत आपला पाहुणा आणावा आणि यजमानाने त्याच्या हाती तिजोरीची किल्ली द्यावी, तसा हा प्रकार. आजच्या प्रचलित संगणकांत मात्र तो अपवाद नसून नियम आहे.

लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच. कोणताही प्रोग्रॅमर सर्व गोष्टी स्वतः लिहीत बसत नाही. पीएनजी स्वरूपातील चित्र उलगडायचे तर ‘लिबपीएनजी’, दाबलेला मजकूर सोडवायचा तर ‘झेडलिब’, इंटरनेटवर सांकेतिक भाषेत बोलायचे तर ‘ओपनएसएसएल’. घरी मसाला न कुटता तयार पुडा आणावा, त्यातलाच हा प्रकार, आणि त्यात गैर काहीच नाही. फरक इतकाच की मसाल्याचा पुडा घरातली कपाटे उघडून पाहत नाही. लायब्ररी एकदा प्रोग्रॅमच्या पोटात शिरली, की प्रोग्रॅमची सारी स्मृती तिला वाचता येते आणि प्रोग्रॅमला असलेले सारे अधिकार तिलाही मिळतात. चित्र उलगडणाऱ्या लायब्ररीला तुमची पत्रे वाचण्यापासून रोखणारी कोणतीही भिंत मध्ये नसते.

अशा भिंती घालण्याचा प्रयत्न करणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम अस्तित्वात आहेत. त्यांना घटकाधिष्ठित म्हणता येईल. लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, कोड अडीच कोटी ओळींहून मोठा आहे. याउलट या पंथात गाभा अगदी लहान ठेवतात आणि बाकी सर्व कामे, म्हणजे डिस्क हाताळणे, पडद्यावर चित्र काढणे, नेटवर्कशी बोलणे, ही स्वतंत्र घटकांकडे सोपवतात. प्रत्येक घटक आपापल्या खोलीत बंद असतो. योखेन लीड्टके या जर्मन संशोधकाने १९९०च्या दशकात ‘एल४’ हा असा छोटा गाभा लिहून तो वेगवानही असू शकतो हे दाखवून दिले. पुढे ड्रेस्डेनचे तांत्रिक विद्यापीठ या परंपरेचे एक प्रमुख केंद्र बनले. ऑस्ट्रेलियात त्याच कुळातला ‘सेल४’ तयार झाला आणि २००९ साली त्याच्या अचूकपणाची गणिती सिद्धता देण्यात आली. दहा हजार ओळींच्या आत असलेल्या कोडबाबतच हे शक्य होते. कोट्यवधी ओळींच्या बाबतीत अशा सिद्धतेची कल्पनाही करवत नाही.

ड्रेस्डेनमधल्या संशोधनातूनच नॉर्मन फेस्के आणि क्रिस्तियान हेल्मूट यांचा ‘जीनोड’ हा प्रकल्प पुढे आला. २००८ साली तो सर्वांसाठी खुला झाला आणि त्याच वर्षी त्याच नावाची एक छोटी कंपनीही ड्रेस्डेनमध्ये उभी राहिली. जीनोड हा स्वतः गाभा नाही. सेल४, ‘नोव्हा’, अगदी लिनक्ससुद्धा, अशा वेगवेगळ्या गाभ्यांवर उभारता येणारी ही एक बांधणी आहे. तिचा नियम कडक आहे. इथे जन्माला येणाऱ्या घटकाच्या हाती सुरुवातीला काहीच नसते. फाइल नाही, घड्याळ नाही, नेटवर्क नाही. त्याला जन्म देणारा पालक-घटक जे अधिकारपत्र देईल तेवढेच त्याचे. स्मृतीसुद्धा मोजून मिळते. पालक आपल्या वाट्यातली स्मृती मुलाला तोडून देतो आणि ती संपली की संपली.

तत्त्व म्हणून हे निर्दोष आहे. अडचण अशी की असे निर्मळ घर बांधून झाल्यावर त्यात राहायला कोणी येत नाही. नव्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ना ब्राउझर असतो, ना मजकूर लिहिण्याचे साधन. लोक संगणक घेतात तो त्यावरच्या प्रोग्रॅमांसाठी. भिंतींचे कौतुक करण्यासाठी तो कोणी घेत नाही. आजवर अनेक सुंदर ऑपरेटिंग सिस्टीम प्रबंधांतच राहिल्या, त्याचे मोठे कारण हेच. सारे सॉफ्टवेअर नव्याने लिहिणे मूठभर माणसांच्या आवाक्यातले नाही. एक पळवाट म्हणजे आभासी संगणक. त्यात अख्खे लिनक्स किंवा विंडोज एका खोलीत डांबता येते. जीनोडने २०१४ साली ‘व्हर्च्युअलबॉक्स’ आणून तीही सोय केली. पण अख्खा जुना वाडा उचलून एका खोलीत कोंबल्याने वाड्यातले जुने दोष तसेच राहतात. म्हणून खरा मार्ग उरतो तो एकेक लायब्ररी नव्या घरात आणून बसवण्याचा. व्यवहारात त्याला पोर्टिंग म्हणतात.

वरवर पाहता हे काम कंटाळवाणे वाटते. कोड तयार आहे, कंपायलर आहे, मग अडचण कसली? झेडलिब किंवा लिबपीएनजीच्या बाबतीत खरोखरच फारशी नसते. आकडे आत, आकडे बाहेर. अशा शुद्ध गणिती लायब्ररीला घर कोणते आहे याने फरक पडत नाही. पण अशा सरळ लायब्ररी थोड्या. बहुतेकींनी युनिक्सच्या घरात वाढताना काही गोष्टी इतक्या गृहीत धरलेल्या असतात, की त्या कोडमध्ये कुठे लिहिलेल्याही नसतात. पोर्टिंगचा बहुतेक वेळ या अव्यक्त गृहीतकांचा शोध घेण्यात जातो. माझ्या मते या कामाचे खरे मोलही त्यातच आहे, कारण एखादी लायब्ररी आजूबाजूच्या जगाकडून गुपचूप काय काय मागते, याची यादी क्वचितच दुसऱ्या कुठल्या मार्गाने तयार होते.

या गृहीतकांचा पाया म्हणजे सी भाषेची मूळ लायब्ररी. फाइल उघडा, वाचा, वेळ सांगा, स्मृती द्या, या साऱ्या मागण्या बाकीच्या लायब्ररी तिच्याकडे करतात. जीनोडने ती मोकळ्या परवान्याच्या फ्रीबीएसडी या युनिक्स-वंशीय प्रणालीकडून घेतली. वरचा भाग, म्हणजे मजकूर जोडणे, आकडे छापणे, शोधणे, क्रम लावणे, जवळपास जसाच्या तसा राहिला. जिथे ती गाभ्याला हाक मारते तो तळाचा थर मात्र बदलावा लागला, कारण ती ज्याला हाक मारत होती तो गाभाच इथे नाही.

सर्वात साधी मागणी घेऊ. प्रोग्रॅमला पडद्यावर एक ओळ छापायची आहे. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला छापण्याची वाट जन्मतःच मिळते. जीनोडमध्ये ती वाट कोणीतरी आखून द्यावी लागते. प्रत्येक घटकाला स्वतःचे खासगी फायलींचे झाड मिळते आणि त्यावर कोणत्या फांद्या असाव्यात ते पालकाने दिलेल्या मांडणीपत्रात लिहिलेले असते. त्या झाडावर ‘लॉग’ नावाची एक फाइल ठेवायची आणि छापील मजकूर तिच्यात जावा असे सांगायचे. सांगायला विसरलात तर प्रोग्रॅम चालतो, छापतो, आणि छापलेले शून्यात विरून जाते. नवख्याचा पहिला दिवस या शोधात सहज जातो.

घड्याळाची गोष्ट याहून मजेदार आहे. एखाद्या ब्राउझरला वेळ माहीत असण्याचा अधिकार असावा की नाही, असा प्रश्न आपल्या मनात कधी येत नाही. जीनोडमध्ये तो येतो. घड्याळाचे अधिकारपत्र दिले नाही तर सी लायब्ररी वेळ शून्य मानते. युनिक्सच्या हिशेबात शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. चित्रे उलगडणाऱ्या लायब्ररीचे त्यावाचून काही अडत नाही. पण ओपनएसएसएलला हे घड्याळ मिळाले तर? संकेतस्थळाचे प्रमाणपत्र तपासताना ती पाहते की प्रमाणपत्र या शतकातले आहे आणि आज तर १९७० साल चालू आहे. म्हणजे हे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही. जोडणी नाकारली जाते. पडद्यावर येणारी तक्रार प्रमाणपत्राबद्दल असते. घड्याळाचे नाव कुठेही नसते. सुरक्षित संवादासाठी घड्याळ हा अत्यावश्यक भाग आहे, हे सत्य एरवी इतके उघडे पडत नाही.

यादृच्छिक आकड्यांची मागणी त्याहूनही नाजूक आहे. गुप्त किल्ली तयार करण्यासाठी कोणालाही अंदाज बांधता येणार नाही असे आकडे लागतात. युनिक्समध्ये त्यासाठी ‘रँडम’ नावाची एक खास फाइल असते आणि लायब्ररी ती उघडून वाचते. नव्या घरात ती फाइल आपणच ठेवायची. प्रोसेसरच्या वेळेतल्या सूक्ष्म चढउतारांतून असे आकडे गोळा करणारी सोय जीनोडमध्ये आहे. पण घाईत, चाचणीपुरते म्हणून, कोणी त्या फाइलीत ०१२३४५६७८९ असा साधा मजकूर ठेवला तर? लायब्ररी तक्रार करत नाही. प्रोग्रॅम झकास चालतो. फक्त त्या किल्लीला काही अर्थ उरत नाही. चालते म्हणजे बरोबर आहे, हा निकष पोर्टिंगमध्ये सर्वात घातक ठरतो तो इथे.

स्मृतीचेही तसेच. लिनक्स मागेल त्याला स्मृती देऊ करते, अनेकदा स्वतःजवळ असलेल्यापेक्षा अधिकचे आश्वासन देते, आणि सगळे एकदम मागायला आले की कोणाचा तरी बळी देते. त्या लाडात वाढलेल्या कित्येक लायब्ररी ‘स्मृती मिळाली का’ हे तपासण्याची तसदी घेत नाहीत. मोजून स्मृती मिळणाऱ्या घरात हा निष्काळजीपणा लगेच उघडा पडतो.

या साऱ्यांत जुना आणि हट्टी पाहुणा म्हणजे ‘फोर्क’. १९७०च्या दशकापासून युनिक्समध्ये नवी प्रक्रिया सुरू करायची तर चालू प्रक्रियेची हुबेहूब प्रत काढतात. सारी स्मृती, साऱ्या उघड्या फायली, सगळे दोघांकडे. त्या काळी ही युक्ती सुटसुटीत होती. पण ज्या घरात प्रत्येक अधिकार कोणी, कोणाला, का दिला याची नोंद हवी, तिथे ‘बापाचे सारे मुलाला आपोआप’ हा नियम मुळावरच घाव घालतो. शिवाय मुलाची स्मृती कोणाच्या वाट्यातून तोडायची? जीनोडने बराच काळ फोर्कला आपल्या मूळ सी लायब्ररीत थारा दिला नाही. बॅश, व्हिम यांसारखी साधने मात्र हवी होती. त्यासाठी २०११ साली ‘नूक्स’ नावाची एक वेगळी खोली बांधण्यात आली. तिच्या आत छोटेसे युनिक्स जग नांदत असे. पुढे २०१९ साली सी लायब्ररीलाच फोर्क शिकवण्यात आले आणि पाठोपाठ नूक्सची खोली पाडण्यात आली. याला तत्त्वाशी तडजोड म्हणावे का? मला तसे वाटत नाही. प्रत काढण्याचे नाटक त्या घटकाला मिळालेल्या स्मृतीच्या आणि अधिकारांच्या चौकटीतच होते. चौकटीबाहेर त्याला काही मिळत नाही. गुगलने आपल्या ‘फुशिया’ या घटकाधिष्ठित प्रणालीत नेमका उलटा निर्णय घेतला. तिथे फोर्क नाहीच. इतकेच नव्हे, तर एका फोल्डरमधून वरच्या फोल्डरमध्ये जाण्याची दोन टिंबांची जुनी वाटही बंद आहे, कारण खालच्या खोलीची किल्ली देणे म्हणजे वरच्या मजल्याची किल्ली देणे नव्हे. २०२१ साली फुशिया नेस्ट हब या घरगुती उपकरणावर पोचली. गुगलपाशी मनुष्यबळ आहे. जे प्रोग्रॅम फोर्कवाचून अडतात ते बदलून घेणे तिला परवडते. ड्रेस्डेनमधल्या छोट्या चमूला ते परवडणारे नाही.

यातूनच पोर्टिंगचा एक व्यावहारिक दंडक पुढे येतो: पाहुण्याला शक्यतो हात लावू नका, त्याच्याभोवतीची खोली बदला. लायब्ररीचा मूळ कोड आपल्या सोयीने खरडला, तर ती त्या दिवशी चालते. पण मूळ लेखक तीन महिन्यांनी नवी आवृत्ती काढतात, तीत सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची एखादी दुरुस्ती असते, आणि आपली सारी खरडपट्टी पुन्हा नव्याने करावी लागते. ज्यांना नोकियाचे जुने स्मार्टफोन आठवत असतील त्यांच्यासाठी एक उदाहरण. त्यांतल्या सिंबियन प्रणालीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत लायब्ररीला स्वतःचे बदलते जागतिक चल ठेवण्याची मुभाच नव्हती. सी भाषेतल्या लायब्ररींत असे चल पदोपदी सापडतात. साहजिकच बाहेरची लायब्ररी आणायची तर तिच्या ओळी विंचरून काढाव्या लागत. ही अट पुढे सैल झाली आणि युनिक्सची ओळखीची हाक-पद्धतही सिंबियनमध्ये आली.

जीनोडमध्ये परकी लायब्ररी प्रकल्पाच्या कोडमध्ये मिसळत नाहीत. प्रत्येक लायब्ररीमागे एक छोटी चिठ्ठी असते. मूळ कोड कुठून उतरवायचा, कोणती आवृत्ती, त्यावर कोणत्या बारीक दुरुस्त्या चढवायच्या, एवढेच तिच्यात लिहिलेले. सोबत उतरवलेल्या गठ्ठ्याचा गणिती ठसा दिलेला असतो. वाटेत कोणी एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही आणि काम थांबते. ही काळजी योग्यच आहे, पण तिची मर्यादा एक्सझेड प्रकरणाने दाखवली. तिथे चोरदरवाजा मूळ गठ्ठ्यातच होता. मिळालेला गठ्ठा तोच आहे एवढेच ठसा सांगतो. तो प्रामाणिक आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

त्या प्रकरणातला आणखी एक तपशील इथे लागू पडतो. चोरदरवाजाचे तुकडे चाचणीच्या फायलींत दडवलेले होते आणि ते एकत्र जोडणारा कोड लायब्ररीच्या बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये होता. बहुतेक जुन्या लायब्ररींसोबत ‘कॉन्फिगर’ नावाची एक अजस्र स्क्रिप्ट येते. ती डझनावारी छोटे प्रोग्रॅम बांधून, काही चालवूनही पाहते आणि आपण कोणत्या घरात आहोत याचा अंदाज घेते. जीनोडच्या पोर्टिंगमध्ये मुळात हा अंदाज चुकतो, कारण बांधणी एका प्रणालीवर होते आणि प्रोग्रॅम दुसऱ्याच प्रणालीवर चालायचा असतो. म्हणून जीनोडच्या जुन्या रिवाजात ही स्क्रिप्ट बाजूला ठेवतात आणि कोणत्या फायली, कोणत्या क्रमाने, कोणत्या अटींवर बांधायच्या हे माणूस स्वतः बसून लिहितो. हे कष्टाचे आहे. दोन-चारशे फायलींच्या लायब्ररीसाठी तर चिकाटीची कसोटी. पण त्या कष्टाचा एक न मागितलेला लाभ असा, की बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये लपलेल्या दगाबाजीला चालायला संधीच मिळत नाही.

२०१९ साली फेस्के यांनी हे कष्ट कमी करणारे एक साधन आणले. त्याचे नाव ‘गोवा’. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर वेगळेच चित्र उभे राहील, पण हे साधन लायब्ररीची स्वतःची बांधणी-पद्धतच वापरून तिला जीनोडसाठी तयार करते. त्यामुळे बाहेरच्या प्रोग्रॅमरला जीनोडची सारी अंतर्गत रीतभात शिकावी लागत नाही, आणि पोर्टिंग काही दिवसांवरून काही तासांवर येऊ शकते. अर्थात त्याबरोबर परकी स्क्रिप्ट पुन्हा घरात येते. सोय आणि छाननी यांचा हा सौदा आहे. नव्या प्रणालीला माणसे हवी असतील तर तो करावाच लागेल, असे मला वाटते. पण तो सौदा आहे याचे भान सुटू नये.

ड्रायव्हरांचा उल्लेख ओझरताच करतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. वायफाय किंवा इंटेलच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर लिनक्सच्या पोटातून काढून आणावे लागतात, आणि ते लिनक्सच्या गाभ्याखेरीज कशालाच ओळखत नाहीत. त्यांच्याभोवती लिनक्सच्या गाभ्याचा देखावा उभारावा लागतो. पद्धत वेगळी, सूत्र तेच.

इतके करून पदरात काय पडते? लायब्ररी नव्या घरात आली म्हणून तिचे दोष सुटत नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. २०१४ साली उघड झालेल्या ‘हार्टब्लीड’ या ओपनएसएसएलमधल्या दोषामुळे कोणीही दूरवरून सर्व्हरच्या स्मृतीचा एकेका वेळी ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा वाचू शकत होता. तीच ओपनएसएसएल जीनोडवर आणून तिच्याच खोलीत गुप्त किल्लीही ठेवली, तर किल्ली तशीच फुटली असती. भिंती खोल्यांच्या मध्ये असतात. खोलीच्या आत त्या नसतात. म्हणून पोर्टिंग हे निम्मेच काम आहे. कोणत्या लायब्ररीला कोणत्या खोलीत, कोणत्या किल्ल्यांसह ठेवायचे, हा उरलेला निम्मा भाग.

याचे मला आवडलेले उदाहरण जीनोडमधील सॉफ्टवेअर उतरवून घेण्याच्या व्यवस्थेत सापडते. २०१८ साली जीनोडच्या मंडळींनी ‘स्कल्प्ट’ नावाची रोजच्या वापराची प्रणाली आणली, त्या सुमाराची ही रचना आहे. लिनक्सवर सॉफ्टवेअर उतरवणारा प्रोग्रॅम बहुधा सर्वाधिकारी असतो. तोच नेटवर्कशी बोलतो, तोच सही तपासतो, तोच गठ्ठा उलगडतो, तोच डिस्कवर लिहितो. इथे तीन खोल्या आहेत. पहिलीत ‘कर्ल’ ही लायब्ररी. तिला नेटवर्क दिसते, पण उतरवलेले गठ्ठे ठेवण्याच्या ओट्यापलीकडे ती काही लिहू शकत नाही. दुसरीत ‘ग्नूपीजी’चा सही तपासणारा कोड. त्याला नेटवर्क नाही. त्याने गठ्ठा वाचायचा आणि सही खरी की खोटी एवढे सांगायचे. तिसरीत ‘लिबअर्काइव्ह’. सही खरी ठरल्यावरच तिला काम मिळते. ती गठ्ठा उलगडून कोठारात ठेवते, आणि तिलाही नेटवर्क नाही. या तिन्ही लायब्ररी परक्या आहेत, युनिक्समध्ये वाढलेल्या आहेत, आणि त्यांच्या मूळ लेखकांनी अशा विभागणीचा विचारही केला नसेल.

जीनोडचे गठ्ठे ‘टार-एक्सझेड’ स्वरूपाचे असतात. म्हणजे लेखाच्या आरंभी आलेली तीच एक्सझेड लायब्ररी या तिसऱ्या खोलीत काम करते. उद्या तिच्यात पुन्हा कोणी दगा पेरला तर काय होईल? ती उलगडताना फायली बदलू शकेल, आणि हा धोका लहान नाही, कारण कोठारात गेलेले सॉफ्टवेअरच पुढे चालवले जाते. पण तिला बाहेर कोणाला निरोप धाडता येणार नाही, तुमचे दस्तऐवज वाचता येणार नाहीत, आणि मुख्य दरवाजापाशी तर ती कधी पोचणारच नाही, कारण तिकडे जाणारी वाट कोणी तिच्यासाठी आखलेली नाही.

खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक पोर्ट केलेली लायब्ररी म्हणजे कायमचे दायित्व. मूळ लेखकांनी सुरक्षेची दुरुस्ती काढली की ती इथेही वेळेवर आणावी लागते. लिनक्सच्या मोठ्या वितरकांपाशी त्यासाठी शेकडो हात आहेत, इथे मोजके. जीनोडची नवी आवृत्ती दर तीन महिन्यांनी निघते आणि तिच्या टिपणांत परक्या लायब्ररींच्या अद्ययावतीकरणाची नोंद हटकून असते. सर्वात जड ओझे ब्राउझरचे. ‘क्यूटी’ या लायब्ररीच्या आधारे क्रोमियमचे इंजिन जीनोडवर आणण्यात आले आणि पाइनफोन या मोबाइलवरही ब्राउझर चालवून दाखवण्यात आला. ते इंजिनच कोट्यवधी ओळींचे आहे. दहा हजार ओळींच्या गाभ्यावर कोट्यवधी ओळींचा पाहुणा हे चित्र विसंगत वाटेल, पण ती विसंगती इंटरनेटची आहे, जीनोडची नव्हे. इथे त्या पाहुण्याला एक खोली, मोजकी स्मृती, नेटवर्कची एक वाट आणि पडद्याचा एक चौकोन मिळतो. घड्याळही मिळते, नाहीतर त्याच्या लेखी प्रत्येक संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अजून लागू व्हायचेच असते.